आधी कापा, मग लहान करा

फोटो पाठवायला लहान करताना १२०० पिक्सेल रुंदी पुरे असं म्हणतात, ते साडीच्या पूर्ण फोटोला ठीक. कशिदाकामाला मात्र नाही चालत. खानापूरच्या आमच्या मावशीनं इरकलीच्या पदरावर कसुतीचं (कर्नाटकी भरतकामाचं) गोपुर, म्हणजे देवळाच्या दारावरच्या मनोऱ्याची नक्षी, भरलं होतं, धागे मोजून, उलट-सुलट दोन्हीकडून सारखं. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १२०० वर आणला आणि गवंतीचे (दुहेरी धावदोऱ्याचे) टाके एकमेकांत मिसळून नुसता डाग दिसायला लागला! मग मूळ फोटोतून गोपुराचाच १२०० बाय ९०० चा तुकडा कापला, मग लहान करायची गरजच पडली नाही. टाका न् टाका दिसला. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, नाहीतर वाटेत व्हॉट्सअ‍ॅपच तो परत दाबून लहान करतं. आणि हो, मूळ फोटोवर सेव्ह करू नका, कॉपीवरच काय ते करा.