सोळा वर्षांच्या मुलांची पार्टी: आईबाबांनी घरात थांबायचं की बाहेर जायचं?

वसंतविहारची आई (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी लेकीचा सोळावा वाढदिवस झाला. आमचं ठाण्यातलं टू बीएचके, आणि मुलंमुली मिळून अठरा जण. तारीख ठरवण्यातच पंधरा दिवस गेले, कारण कुणाच्या ना कुणाच्या क्लासची रविवारी टेस्ट असतेच. शेवटी शनिवारी ५ ते ९ अशी वेळ काढली.

कुणाला बोलवायचं, गाणी कुठली, खेळ कुठले, हे सगळं तिनं ठरवलं. मी जेवण आणि दोनच नियम ठरवले: नऊला संपायचं, आणि मी आतल्या खोलीत असणार. ती आधी रडली. 'कुणाच्याच आया थांबत नाहीत' म्हणाली. मी थांबलेच. चार तासांत दोनदा बाहेर आले, एकदा पाव भाजायला आणि एकदा केकसाठी.

शेजारच्या ताईंच्या मते मी बाहेर जायला हवं होतं. माझ्या बहिणीच्या मते असल्या पार्ट्याच नकोत. मला मात्र वाटतं, या वयात पार्टी मुलांचीच असावी, पण हाकेच्या अंतरावर एक मोठं माणूस असावं. तुमचं काय मत?

सानपाडा_१५

ताई, मी शेजारच्या ताईंच्या बाजूनं. मुलाच्या दहावीच्या निकालानंतर त्याच्या दहा मित्रांना घरी बोलावलं आणि आम्ही दोघं नेरुळच्या वंडर्स पार्कला जाऊन बसलो. तीन तासांत एकदाही फोन केला नाही. परत आलो तर सोफ्यावर कोल्ड्रिंक सांडलेलं, बाकी सगळं जागच्या जागी. भांडीसुद्धा घासून ठेवली होती.

त्याच्या वर्षभर आधीच्या पार्टीत मी घरात होतो. पोरं रांगेत बसून मोबाईल बघत होती. आत कुणीतरी कान देऊन बसलंय हे कळलं की या वयाची मुलं मोकळी होत नाहीत. दोन वर्षांनी हॉस्टेलला पाठवायचं आहे ना? मग विश्वास टाकायची सवय आपल्यालाही आत्तापासूनच लागायला हवी.

नौपाड्याचे काका

दोघांशीही असहमत. प्रश्न तुम्ही कुठे बसता हा नाहीच. बटाटेवडा, केक, आइस्क्रीम, एवढ्यात आमच्या मुलांचे वाढदिवस छान झाले. आता फुग्यांची कमान, फोटोसाठी वेगळी भिंत, परत जाताना प्रत्येकाच्या हातात गिफ्ट. एकानं केलं की दुसऱ्याच्या आईबापांना करावंच लागतं, आणि ज्याला परवडत नाही ते पोर 'बरं नाही' सांगून यायचं टाळतं.

शिवाय मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गच्चीवर स्पीकर लागला की फोन मला येतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. ५५ म्हणजे साधारण आपल्या बोलण्याइतकाच आवाज. तेव्हा 'दहा वाजेपर्यंत काहीही चालतं' हाही गैरसमज आहे.

आणखी एक. हल्ली येऊरला बंगला भाड्यानं घेऊन पार्टी करायची टूम निघाली आहे. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे बिबटे आहेत, आदिवासी पाडे आहेत. सोळा वर्षांच्या मुलांना रात्री तिथे सोडून येणारे पालक मी पाहिलेत. मला ते अजिबात पटत नाही.

ऐरोलीची टीचर

सानपाडा दादा, तुमचा मुलगा शहाणा आहे यात शंका नाही. पण पार्टीला येतात ती सगळीच मुलं तुमची नसतात. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. अठरा जण आले तर त्यातले चार-पाच 'मित्राचा मित्र' असतात, ज्यांना तुमची मुलगीसुद्धा नीट ओळखत नाही. माझ्या भाचीच्या मैत्रिणीकडे अशाच एकानं कोल्ड्रिंकच्या बाटलीत व्होडका मिसळून आणली. एका मुलीला उलट्या सुरू झाल्या, आणि 'आई ओरडेल' या भीतीनं तासभर कुणी मोठ्यांना फोनच केला नाही. वसंतविहारच्या ताई आत होत्या, तशी कुणी तिथे असती तर तो तास वाया गेला नसता.

आपल्या राज्यात बिअरसाठीसुद्धा वय २१ लागतं. आणि लहान मुलाला दारू देणाऱ्याला २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'एक घोट काय होतोय' म्हणून कौतुकानं ग्लास पुढे करणाऱ्या मामा-काकांनीही हे वाचावं. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर तर 'मुलांसाठी नाही' असं छापलेलंच असतं, तरी पार्टीच्या सामानात ते सर्रास दिसतात.

सानपाडा_१५

टीचर, हे घडतं हे मान्य. पण तुमच्या उदाहरणातली खरी अडचण 'आई ओरडेल' ही भीती आहे. आई आतल्या खोलीत असती तरी त्या मुलांनी ते लपवलंच असतं, बाथरूमला कडी लावून. आम्ही मुलाला सांगून ठेवलंय: काहीही झालं तरी फोन कर, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. आम्ही घरात बसण्यापेक्षा त्या शब्दाचा त्याला जास्त आधार आहे. आणि परक्या मुलांचं म्हणाल तर दहाच बोलवावीत, सगळी ओळखीची.

खारघर_अकरावी

मी स्वतः सतरा वर्षांची आहे, म्हणून लिहिते. आई घरात असली तर आम्हाला खरंच चालतं. चालत नाही ते हे: केक कापताना सगळ्या काकू येऊन उभ्या राहतात. आमचे नाचतानाचे फोटो न विचारता फॅमिली ग्रुपवर जातात. मधेच 'बारावीनंतर काय' विचारतात.

आणि दहाच बोलवा म्हणणं सोपं आहे. वर्गातल्या ग्रुपमधल्या बारा जणींपैकी दहा गेल्या की उरलेल्या दोघी त्या रात्री घरी बसून सगळ्यांच्या स्टोरी बघतात. मी त्या दोघींपैकी एक होते. सोमवारी कॉलेजला जावंसं वाटत नव्हतं. बोलवायचं तर अख्खा ग्रुप बोलवा, नाहीतर अगदी चारच जणी. आणि खेळ असा ठेवा की ज्याला नाचता येत नाही त्यालाही काहीतरी करता येईल. आमच्याकडे पाणीपुरीचं सामान मधे ठेवून सगळ्यांनी एकमेकांना पुऱ्या करून दिल्या. सगळ्यात शांत मुलगी त्या दिवशी सगळ्यात जास्त बोलली.

नौपाड्याचे काका

बाळ, तुझं म्हणणं पटलं. खर्चावरचं माझं मत तेच आहे, पण पाणीपुरीला माझी हरकत नाही.

वसंतविहारची आई

टीचर, एक गोष्ट मी लिहिली नव्हती. आमच्याकडे तीन मुलं अ‍ॅक्टिव्हा घेऊन आली, त्यातला एक पंधराचा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, अ‍ॅक्टिव्हा त्यात बसत नाही. मुलानं चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१९ पासून आहे. मी तिघांच्या चाव्या काढून घेतल्या, घरी फोन केले, आणि वडील न्यायला आल्यावरच सोडलं. नऊनंतरचा घोडबंदर रोड आणि डबलसीट पोरं, माझा जीव थाऱ्यावर राहिला नसता. सानपाडा दादा, मी बाहेर असते तर हे मला कळलंच नसतं. म्हणून मी अजूनही घरात थांबण्याच्याच बाजूची आहे.

पण खारघरच्या मुली, फोटोंचं तू लिहिलंस ते वाचून मी लेकीला विचारलं. मी तीन फोटो ग्रुपवर टाकले होते. तिला आवडलं नव्हतं, पण बोलली नव्हती. आत्ताच काढले.

सानपाडा_१५

चाव्यांचं बरोबर केलंत. ते मी दारातच विचारीन, आणि मग बाहेर जाईन. ताई, अठरा जणांना पावभाजी किती लागली? यात जैन मुलं असतील तर वेगळी केलीत का? डिसेंबरमध्ये आमच्याकडे पुन्हा आहे.

वसंतविहारची आई

पाव सहा डझन आणले, पाचच उरले. मुलगे प्रत्येकी पाच-सहा खातात हे धरूनच चला. चौघं जैन होते. त्यांची वेगळ्या कढईत, बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून, कांदा-लसूण न घालता केली. केकही बिनअंड्याचा. केळ्यांची भाजी आधी संपली, बाकीच्यांनीच संपवली. तेव्हा ती दुप्पट करा.