अवजड आयनांच्या टकरींतील प्रोटॉनसंख्येचे चढउतार : तुलना नेमकी कशाशी करायची?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे)

नमस्कार. प्रकल्पासाठी मी अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ‘स्टार’ प्रयोगातील मोजमापांचा अभ्यास करत आहे. तेथे सोन्याची केंद्रके एकमेकांवर आदळवली गेली; प्रत्येक टकरीत निघालेल्या प्रोटॉनांमधून प्रतिप्रोटॉन (त्यांचे विरुद्ध विद्युतभाराचे जुळे कण) वजा करतात आणि त्या संख्येच्या वितरणाचे क्युम्युलंट (वितरणाचा पसारा व आकार सांगणारे आकडे) काढतात. चौथ्या व दुसऱ्या क्युम्युलंटचे गुणोत्तर १ पासून ढळले, की ती क्रांतिक बिंदूची (केंद्रकीय द्रव्याच्या अवस्थांमधील सीमारेषा जिथे संपते त्या बिंदूची) चाहूल, असा माझा समज होता.

पडताळा म्हणून मी एक साधा प्रोग्राम लिहिला. दोन केंद्रकांत मिळून ३९४ न्यूक्लिऑन (प्रोटॉन व न्यूट्रॉन), आणि त्यांतील प्रत्येक मोजणीच्या खिडकीत (डिटेक्टर मोजतो त्या मर्यादेत) प्रोटॉन म्हणून सापडण्याची शक्यता ०.१, एवढेच त्यात आहे. क्रांतिक बिंदूचा मागमूसही नाही. तरीही १०,००० टकरींनंतर प्रचरण (म्हणजे दुसरा क्युम्युलंट) भागिले सरासरी हे ०.९ च्या आसपास आले, आणि चौथ्या-दुसऱ्याचे गुणोत्तर एकदा २ च्या वर, तर पुढच्या खेपेस शून्याच्या खाली गेले. प्रोग्राम चुकला आहे की माझी समजूत?

उत्तर १ (नेरूळ)

प्रोग्राम बरोबर आहे. चौथ्या-दुसऱ्याच्या गुणोत्तरातील सांख्यिकीय त्रुटी काढण्यासाठी २४ ला टकरींच्या संख्येने भागून वर्गमूळ घ्यावे आणि त्याला प्रचरणाने गुणावे. आपले प्रचरण सुमारे ३५.५ आहे; म्हणजे १०,००० टकरींत त्रुटीच १.७ येते आणि हाती आलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. टकरी १ कोटी करा, त्रुटी ०.०५५ वर येईल. प्रयोगात प्रत्येक ऊर्जेला एवढ्या प्रचंड संख्येने टकरी का नोंदवाव्या लागतात, हे यावरून ध्यानात यावे.

तेव्हा हे गुणोत्तर १ वर नव्हे, ०.४६ वर स्थिरावेल. पॉयसाँ वितरणासाठी (कण स्वतंत्रपणे येतात आणि एकूण संख्येवर बंधन नसते तेव्हा) ते १ असते. आपले वितरण मात्र द्विपद (ठरलेल्या संख्येपैकी किती सापडले, असे) आहे, आणि सापडण्याची शक्यता ‘प’ धरल्यास त्यासाठी ते १ − ६प(१ − प) असते. ठाण्याहून सुटणाऱ्या वाशी लोकलमध्ये रोज मोजून ३९४ माणसे चढवली आणि आपण एकाच डब्यातील डोकी मोजली, तर आकडा रोज बदलेल. सगळे डबे मोजले, तर रोज ३९४ च भरतील. बॅरिऑनांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची) निव्वळ संख्या बदलत नाही, हा बॅरिऑनसंख्येच्या अक्षय्यतेचा नियम चढउतार असे दाबतो, आणि खिडकी जितकी रुंद तितकी प्रचरणावरील ही दाब जास्त. ३ जीईव्ही (ऊर्जेचे एकक) ऊर्जेच्या मध्यवर्ती, म्हणजे समोरासमोरच्या, टकरींत स्टारला हे गुणोत्तर उणे ०.८५ मिळाले, तेव्हा क्रांतिक बिंदू नसलेल्या प्रारूपातूनही ते उलगडत होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उत्तर २ (ऐरोली)

वरील उत्तराशी सहमत आहे; परंतु खऱ्या टकरींत ३९४ हा आकडाही स्थिर नसतो. केंद्रके कधी समोरासमोर भिडतात, कधी थोडी बाजूने, त्यामुळे सहभागी न्यूक्लिऑनांची संख्या बदलत राहते. तिची सरासरी ३४० आणि प्रमाण विचलन ३० घेऊन प्रोग्राम पुन्हा चालवा. प्रचरण भागिले सरासरी ०.९ वरून १.१६ वर जाईल, म्हणजे केवळ लहानमोठ्या टकरी एकत्र केल्याने हे गुणोत्तर १ च्या पलीकडे उडी घेते. म्हणूनच टकरींची वर्गवारी इतर विद्युतभारित कणांच्या संख्येवरून करतात आणि त्या मोजणीतून प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन मुद्दाम वगळतात. डिटेक्टरच्या नजरेतून सुटलेल्या कणांचीही दुरुस्ती करावी लागते : १०० पैकी ७०च प्रोटॉन सापडले, तर आपले ०.४६ हे ०.६१ दिसू लागेल.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

१ कोटी टकरींनंतर ०.४८ आले. आपणा दोघांचे मनापासून आभार. एक शंका राहते : नियम जर बॅरिऑनांचा आहे, तर मोजतात प्रोटॉनच का?

उत्तर १ (नेरूळ)

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने स्टारच्या वायुभरित कक्षात त्याचा माग उमटत नाही. म्हणून प्रोटॉनांना बॅरिऑनांचे प्रतिनिधी मानतात. प्रकल्पात स्टारचा २०२१ चा निबंध अवश्य घ्या. ७.७ जीईव्हीपासून वरच्या ऊर्जांना हे गुणोत्तर एकाच दिशेने न बदलता खाली-वर होते, असे त्यात ३.१ सिग्मा (प्रमाण विचलनाच्या ३.१ पट) इतक्या सार्थतेने मांडले आहे. आलेख काढताना १ ची आडवी रेघ आखाच, पण तिच्याजवळ केवळ बॅरिऑन-अक्षय्यतेमुळे येणाऱ्या मूल्याची रेघही आखा आणि बिंदूंचे अंतर त्या दुसऱ्या रेघेपासून मोजा.