मदत हवी आहे : कीटकदंशाची ॲलर्जी दर वेळी वाढत चालली आहे

शाल्मली :
माझ्या १४ वर्षांच्या मुलीला कीटकदंशाची ॲलर्जी आहे आणि दर वेळी त्रास वाढत चालला आहे. आधी डंखाच्या जागी नुसती गाठ यायची. नंतर एकदा मनगटावर डंख झाला, तेव्हा सूज कोपरापर्यंत चढली आणि आठवडाभर उतरली नाही. गेल्या शनिवारी पुन्हा डंख झाला आणि या वेळी फारच त्रास झाला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवले. पुढच्या वेळी काय करायचे, असे विचारल्यावर ‘जपा’ एवढेच उत्तर मिळाले. मुलगी मैदानावर वाढलेली आहे, तिला घरात कोंडून ठेवणे मला मान्य नाही. सूज लवकर उतरवणारी कोणती गोळी आहे आणि ती खेळायला जाण्यापूर्वीच देऊन ठेवता येईल का, एवढेच मला हवे आहे. उत्तर कृपया लवकर द्यावे.

बाभूळ :
शाल्मलीताई, ‘फारच त्रास झाला’ म्हणजे नेमके काय झाले, हे कळल्याशिवाय कोणीही काही सुचवणे योग्य होणार नाही. मधमाशी होती की गांधीलमाशी? सूज डंखाच्या जागेभोवतीच होती, की दूरच्या भागावरही काही उठले? किती वेळात सुरू झाले? तिला दमा आहे का?

किनखाप :
मधमाशीचे विष आम्ल असते म्हणून तिथे खाण्याचा सोडा लावावा आणि गांधीलमाशीचे विष अल्कधर्मी असते म्हणून तिथे व्हिनेगर लावावे. आमच्या घरी सगळे हेच करतात आणि कोणालाही गोळी लागलेली नाही.

बाभूळ :
किनखाप, विष त्वचेच्या आत गेलेले असते, वरून लावलेला सोडा तिथवर पोहोचत नाही. शिवाय ॲलर्जी होते ती विषातल्या प्रथिनांमुळे. मधमाशीच्या विषात फॉस्फोलायपेज हे त्यांतले प्रमुख आहे आणि आम्ल-अल्काच्या हिशेबाने ते निष्प्रभ होत नाही. तुमच्या घरी कोणाला ॲलर्जी नाही, म्हणून सोड्याने भागते. कृपया या मुलीला तो उपाय सुचवू नका.

शाल्मली :
गांधीलमाशी असावी, कारण नांगी सापडली नाही. डंख पायाला झाला होता. दहा-पंधरा मिनिटांत पाठीवर आणि पोटावर पित्त उठले, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. एक उलटीही झाली आणि उभी राहिली की चक्कर येत होती. उलटी आणि चक्कर घाबरल्यामुळे असेल असे वाटले, म्हणून आधी लिहिले नव्हते. लहानपणी दमा होता, आता पंप क्वचितच लागतो. पण माझा प्रश्न गोळीबद्दल आहे.

तिसरा प्रहर :
ताई, तुम्ही आत्ता लिहिले आहे तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मनगटापासून कोपरापर्यंत आलेली सूज कितीही भयंकर दिसली, तरी ती स्थानिक प्रतिक्रियाच होती. अशी सूज साधारण २४ ते ४८ तास वाढत जाते आणि नंतर हळूहळू उतरते. ती येणाऱ्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच पुढच्या दंशानंतर सर्वांगाला त्रास होतो. शनिवारी मात्र डंख पायाला असताना त्वचा, घसा, पोट आणि रक्तदाब असा सगळीकडे परिणाम दिसला. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि तिथे सूज उतरवणे हा प्रश्नच उरत नाही.

त्यावरचे पहिले औषध ॲड्रेनालिन आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत द्यायचे असते आणि लक्षणे दिसताच द्यायचे असते. अँटीहिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीवरची नेहमीची गोळी खाज आणि पित्त कमी करते, पण श्वासनलिकेची सूज किंवा घसरणारा रक्तदाब थांबवत नाही. ती आधी देऊन ठेवली तर पित्त उठलेले दिसणार नाही आणि धोक्याची खूणच झाकली जाईल. दम्याचा इतिहास असेल तर अधिकच सावध राहावे लागते.

मृदगंध :
मी असहमत आहे. माझ्या धाकट्या भावाला अशीच ॲलर्जी आहे आणि त्याला गोळीनेच बरे वाटते. ॲड्रेनालिनने हृदयावर ताण येतो, ते मुलांच्या हातात देऊ नये.

तिसरा प्रहर :
तुमच्या भावाला फक्त पित्त उठत असेल तर गोळीने बरे वाटणारच, पण ती वेगळी गोष्ट आहे. ॲड्रेनालिन स्नायूत योग्य मात्रेत दिल्यावर धडधड होते आणि हात थरथरतात, हे खरे आहे, परंतु ते थोड्या वेळाने थांबते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये खरा धोका इंजेक्शन देण्याचा नसून ते उशिरा देण्याचा असतो. किशोरवयीन मुलांना सहसा ०.३ मिलिग्रॅमचे पेन (ॲड्रेनालिन भरलेले, स्वतः टोचता येणारे तयार इंजेक्शन) दिले जाते, पण वजन पाहून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा लागू शकते, म्हणून दोन पेन जवळ असावीत आणि ती फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

इंजेक्शननंतरही रुग्णालयात जावेच लागते, कारण काही जणांना बरे वाटल्यावर काही तासांनी पुन्हा त्रास उसळतो. तोवर तिला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. श्वासाला त्रास होत असेल तर बसू द्यावे, पण एकदम उभे करू नये किंवा चालवू नये. शनिवारी उभे राहिल्यावर चक्कर येत होती, त्यावरूनच याचे महत्त्व लक्षात येईल.

रानवारा :
घराच्या छपराखाली गांधीलमाश्यांचे पोळे असेल तर ते संध्याकाळी उतरवावे, कारण तेव्हा त्या शांत असतात. मी हे स्वतः करतो. शिवाय मधमाशीची नांगी चिमटीने कधीही ओढू नये, कडक कार्डाने खरवडून काढावी.

बाभूळ :
रानवारा, पोळ्याबद्दल कोणी विचारलेले नाही. या घरातल्या कोणीही स्वतः पोळे उतरवू नये, ते काम जाणकारांवर सोपवावे. नांगीबाबत म्हणाल तर ती कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या काही सेकंदांतच बहुतेक विष शरीरात जाते. कार्ड शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा चिमटीने काढलेली बरी.

आद्या :
माझ्या मुलाला हाच त्रास होता, म्हणून लिहिते. ॲलर्जितज्ज्ञांनी कोणत्या कीटकाच्या विषाची ॲलर्जी आहे ते तपासले आणि त्याच विषाची इंजेक्शने देऊन उपचार सुरू केले. अतिशय सूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करून ती १०० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढवतात आणि मग ठरावीक अंतराने तीन ते पाच वर्षे इंजेक्शने चालू ठेवतात. गांधीलमाशीच्या बाबतीत या उपचाराने बहुतेकांना संरक्षण मिळते, मधमाशीच्या बाबतीत ते थोडे कमी असते. उपचार कंटाळवाणा आहे, प्रत्येक इंजेक्शननंतर तिथेच थांबवून ठेवतात. पण माझा मुलगा आज मैदानावर आहे, त्यामुळे कंटाळा सोसण्याजोगा होता, असे मी ठामपणे म्हणेन. पेन मात्र अजूनही त्याच्या खेळाच्या पिशवीत असते आणि प्रशिक्षकांना ते वापरता येते.

शाल्मली :
सर्वांचे आभार. ॲलर्जितज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि तोपर्यंत पेन मिळावे म्हणून आमच्या डॉक्टरांकडे आजच जाते आहे. लिहून दिलेल्या गोळ्या अजून चालू आहेत. तपासणीला त्यांची अडचण येईल का?

आद्या :
त्वचेवरच्या चाचणीला येते. अँटीहिस्टामिन चालू असेल तर चाचणी खोटी नकारात्मक, म्हणजे ॲलर्जी असूनही ‘नाही’ अशी येऊ शकते, म्हणून ते काही दिवस आधी बंद करायला सांगतात. रक्ताच्या तपासणीवर त्याचा परिणाम होत नाही. दंशानंतर लगेच चाचणी केली तरीही ती चुकू शकते, त्यामुळे सहसा चार ते सहा आठवडे थांबतात. गोळी कधी बंद करायची ते त्यांनाच विचारा आणि दंशाची तारीख, तसेच उलटी, चक्कर, आवाज हे सगळे वेळेसह कागदावर लिहून न्या.