शब्दचर्चा : 'फ्रंट ऑफिस', 'जनरल मॅनेजर' आणि 'राखलेला' अधिकारी

प्रश्न

मी एका क्रीडापुरवणीसाठी मजकूर तपासण्याचे काम करते. गेल्या आठवड्यात अमेरिकन फुटबॉलवरील एका लेखात 'संघाच्या दर्शनी कार्यालयाने क्वार्टरबॅकला (म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूला) सोडचिठ्ठी दिली' असे वाक्य समोर आले आणि माझी पेन्सिल तिथेच अडली. सोडचिठ्ठी एक वेळ चालवून घेता येईल. क्रीडापानांवर ती इतकी रुळली आहे की घटस्फोटाची आठवण आता कोणाला होत नाही. पण 'दर्शनी कार्यालय' वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो हॉटेलातला काउंटर, मागच्या फळीवर टांगलेल्या किल्ल्या आणि नोंदवही पुढे सरकवणारा कारकून. इंग्रजीत तिथे 'फ्रंट ऑफिस' होते. हा शब्द फुटबॉलमध्ये नेमका कोणासाठी वापरतात, आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

प्रतिसाद १

आपल्याला काउंटर दिसला यात आपली चूक नाही, कारण या शब्दाचा अर्थ क्षेत्र बदलले की जवळजवळ उलटा होतो. हॉटेलात किंवा बँकेत गिऱ्हाइकाला सामोरा जाणारा विभाग तो फ्रंट ऑफिस, आणि आत बसून नोंदी व हिशेब पाहणारा तो बॅक ऑफिस. अमेरिकन खेळांत मात्र ज्यांना प्रेक्षक सामन्याच्या दिवशी सहसा पाहतही नाहीत, पण संघात कोण खेळेल, कोणाला किती पैसे मिळतील आणि कोणाला निरोप द्यायचा हे जे ठरवतात, त्या सगळ्या मंडळींना मिळून फ्रंट ऑफिस म्हणतात. हा शब्द जागेचा राहिलेला नाही, माणसांच्या गटाचा झाला आहे, म्हणून 'कार्यालय' हा प्रतिशब्द पहिल्याच पायरीवर घसरतो.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील बत्तीस संघांची रचना तपशिलात वेगवेगळी असली तरी साचा ओळखीचा आहे. वर मालक. त्याच्या खाली तिकिटे, मैदान, जाहिराती असा धंदा पाहणारा अध्यक्ष, आणि खेळाची बाजू पाहणारा जनरल मॅनेजर. जनरल मॅनेजरच्या हाताखाली एक-दोन सहायक, खेळाडू विभागाचा संचालक, महाविद्यालयीन खेळाडू पाहत गावोगाव हिंडणारे स्काऊट, इतर संघांतील खेळाडूंवर नजर ठेवणारा वेगळा गट, आणि १९९४ मध्ये वेतनमर्यादा (एका संघाने खेळाडूंच्या पगारावर करायच्या एकूण खर्चाची कमाल रक्कम) आल्यापासून अपरिहार्य झालेला हिशेबनीस. ही मर्यादा २०२४ च्या हंगामात प्रत्येक संघाला २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, आणि ५३ खेळाडूंचा ताफा तीत बसवणे हे आकडेमोडीचे स्वतंत्र शास्त्र होऊन बसले आहे.

या गटाला मी 'कारभारी मंडळ' किंवा नुसते 'कारभारी' म्हणेन. धन्याच्या वतीने दौलत चालवणारा तो कारभारी, हा पेशवाईतला अर्थ इथे चपखल बसतो. जाता जाता सांगावेसे वाटते की आपल्याकडे 'फड' हा शब्द कचेरीलाही होता आणि तमाशाच्या व कुस्तीच्या मेळ्यालाही आहे. पुण्याचा हुजूर फड म्हणजे पेशव्यांचे सचिवालयच. खेळ आणि कचेरी एका शब्दात नांदवणारी भाषा आपली, आणि आपण 'दर्शनी कार्यालय' लिहितो! अर्थात आज 'डॅलसच्या फडाने' असे छापल्यास वाचक ढोलकी शोधू लागेल, हे मलाही मान्य आहे.

प्रतिसाद २

'कारभारी' मला पटते, परंतु अनेकवचनात जपून वापरावे. चार कारभारी एकत्र आले की मराठी कानाला 'बारभाई' ऐकू येते, आणि बारभाई कारभार ही काही स्तुती नव्हे. शिवाय खेड्यापाड्यांत बायको नवऱ्याला कारभारी म्हणते, त्यामुळे 'कारभाऱ्यांना काढून टाकले' हा मथळा पुरवणीत भलतेच हसे पिकवील.

माझा खरा मुद्दा 'जनरल मॅनेजर'चा आहे. 'महाव्यवस्थापक' हा शब्द व्याकरणाने शुद्ध आहे आणि तरीही फसवा आहे, कारण तो वाचताच मुंबईकराला बेस्टचे नाही तर रेल्वेचे महाव्यवस्थापक आठवतात, म्हणजे यंत्रणा सुरळीत चालवणारा वरिष्ठ अधिकारी. फुटबॉलचा जनरल मॅनेजर यंत्रणा चालवतो ती दुय्यम गोष्ट. तो खेळाडू निवडतो. आपल्या क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर निवड समितीचा अध्यक्ष, आयपीएलच्या लिलावात टेबलाशी बसून फलक उंचावणारा गृहस्थ आणि करारांची बोलणी करणारा वकील, हे तिघे एकाच खुर्चीत.

त्यातही पाटीवर भरवसा ठेवता येत नाही. डॅलस काउबॉइज संघ १९८९ मध्ये विकत घेतल्यापासून जेरी जोन्स स्वतःच मालक, अध्यक्ष आणि जनरल मॅनेजर आहेत. तिथे तीन पदे वेगवेगळी भाषांतरित करून वाक्य लिहिले तर एकच माणूस स्वतःशी सल्लामसलत करताना दिसेल. सिनसिनाटी बेंगल्सकडे जनरल मॅनेजर या नावाचे पदच नाही. मालक माईक ब्राऊन यांच्या हाताखाली ते काम ड्यूक टोबिन खेळाडू विभागाचे संचालक म्हणून करतात. ग्रीन बे पॅकर्समध्ये तर 'मालक' हाच शब्द गळून पडतो, कारण १९२३ पासून तो संघ भागधारकांचा आहे. आज ते पाच लाखांहून अधिक आहेत, त्यांना लाभांश मिळत नाही, आणि कारभार पाहणाऱ्या सात जणांच्या कार्यकारी समितीत पगार फक्त अध्यक्षाला मिळतो. या समितीतील उरलेल्या सहा जणांना मराठीत 'पदाधिकारी' म्हणावे, 'अधिकारी' नव्हे; आपल्या गणेश मंडळांनी आणि सहकारी संस्थांनी हा भेद आधीच पक्का करून ठेवला आहे. पदाधिकारी मानाचा, अधिकारी पगाराचा.

म्हणून भाषांतर करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : खेळाडूंच्या बाबतीत शब्द कोणाचा चालतो? ज्याचा चालतो त्याला त्या लेखापुरते 'खेळाडूनिवडीचा प्रमुख' म्हणावे आणि पाटीवरचे नाव एकदा देवनागरीत द्यावे.

प्रश्नकर्तीकडून

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. त्याच लेखाच्या पुढच्या भागात आणखी अडचणी आहेत. 'संघाने आपल्या अधिकाऱ्यास कायम केले' असे वाक्य आहे, जिथे मूळ शब्द 'रिटेन' आहे. आणि 'टॅम्परिंगची तक्रार' आहे, जी वाचून आमच्या एका सहकाऱ्याने निरागसपणे विचारले की फुटबॉलचा चेंडू कशाने घासतात.

प्रतिसाद ३

सहकाऱ्याला दोष देता येत नाही. मराठी वाचकाला टॅम्परिंग म्हणजे चेंडू, खिशातला कागद आणि पंचांची चौकशी एवढेच ठाऊक आहे. एनएफएलमध्ये मात्र दुसऱ्या संघाशी करारबद्ध असलेल्या माणसाशी परवानगीवाचून संधान बांधणे याला टॅम्परिंग म्हणतात, आणि त्यासाठी आपल्याकडे 'फूस लावणे' हा तयार शब्द आहे. पोलीस ठाण्याच्या बातम्यांमुळे त्याला थोडा वास लागला आहे, पण अर्थ तंतोतंत तोच : दुसऱ्याच्या घरातले माणूस गोड बोलून पळवणे.

'कायम केले' हे मात्र सरळ चूक. मराठीत हंगामी नोकराला कायम करतात. जो आधीच नोकरीत आहे आणि दुसरीकडे जाऊ पाहतो त्याला 'राखतात' किंवा 'टिकवून धरतात'. 'राखणे' मला अधिक आवडते, कारण त्यात राखणीचा अर्थ आहे, म्हणजे पाखरे येणार हे गृहीत धरून माचाणावर बसणे. वेतनमर्यादा फक्त खेळाडूंना लागू असते, कारभाऱ्यांना नाही. त्यामुळे हुशार अधिकारी राखायला मालकाला हवा तेवढा पैसा मोजता येतो. पण गोफण केवळ पैशाची नसते. करारात असलेल्या माणसाला त्याच तोलाच्या पदावर दुसरीकडे जाण्यास संघ नकार देऊ शकतो. अंतिम निर्णयाचा अधिकार असलेल्या वरच्या पदाचे बोलावणे आले तर मात्र सहसा अडवता येत नाही. पदनामे फुगवण्यामागे हेही एक कारण असते : 'सहायक जनरल मॅनेजर' ही पाटी कधी कामाची असते, कधी कुंपणाची.

२०१९ च्या जूनमधील प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ह्यूस्टन टेक्सन्सने आपले जनरल मॅनेजर ब्रायन गेन यांना काढले आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे खेळाडू विभागाचे संचालक निक कॅसेरिओ यांच्यावर नजर ठेवली. पेट्रियट्सने फूस लावल्याची तक्रार गुदरली. मग कॅसेरिओंच्या करारातच अशा मुलाखतींना मनाई करणारे कलम असल्याचे ह्यूस्टनला कळले, आणि त्यांनी काही दिवसांतच माघार घेतली. तो हंगाम ह्यूस्टनने जनरल मॅनेजरशिवाय काढला, पुढे ते पद मुख्य प्रशिक्षक बिल ओब्रायन यांनाच दिले, २०२० च्या ऑक्टोबरात त्यांनाही काढले, आणि २०२१ च्या जानेवारीत कॅसेरिओच ह्यूस्टनचे जनरल मॅनेजर झाले. इथे 'कायम केले' लिहिले तर सगळी हकिकतच हरवते. पेट्रियट्सने त्यांना राखले, मुदतीपुरते.

राखण्याचा दुसरा मार्ग बढतीचा. ग्रीन बेने जॉन श्नायडर, रेजी मॅकेन्झी, जॉन डॉर्सी असे आपल्या हाताखाली तयार झालेले एकेक पारखी इतर संघांना जनरल मॅनेजर म्हणून जाताना पाहिले होते. २०१८ च्या जानेवारीत ब्रायन गुटेकुन्स्ट यांना ह्यूस्टनचे बोलावणे आले, तेव्हा पॅकर्सने त्यांनाच आपले जनरल मॅनेजर केले. 'पारखी' मी मुद्दाम लिहिले. खेळाडू 'हेरणे' हे क्रियापद उत्तम आहे, पण त्याचे नाम 'हेर' केले की गडी थेट गुप्तहेर होतो, आणि 'स्काऊट' म्हटले की गळ्यात स्कार्फ बांधलेला शाळकरी मुलगा.

जाऊ देण्याचे बक्षीस हाही एक प्रकार आहे. २०२० पासून असा नियम आहे की संघात घडलेला अल्पसंख्याक समाजातील अधिकारी किंवा प्रशिक्षक दुसरीकडे सर्वोच्च पदावर गेला, तर मूळ संघाला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, तिसऱ्या फेरीअखेर जादा निवडी मिळतात. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे अधिकारी मार्टिन मेह्यू वॉशिंग्टनचे जनरल मॅनेजर झाले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोला त्या मिळाल्या. यांना 'भरपाईच्या निवडी' म्हणावे. आणि ड्राफ्टला कृपा करून कोणी 'मसुदा' म्हणू नये.

प्रतिसाद ४

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हाच गोंधळ वेगळ्या कपड्यांत दिसतो, म्हणून थोडे लिहितो. तिथला 'मॅनेजर' आपल्या पानांवर 'व्यवस्थापक' होतो, आणि क्रिकेटच्या सवयीने वाचक त्याला सामान, विमानाची तिकिटे आणि हॉटेलच्या खोल्या पाहणारा समजतो. वास्तविक अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ या काळात मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर होते तेव्हा प्रशिक्षण, निवड आणि खरेदी-विक्री यांवर त्यांची हुकूमत होती. आता खरेदीचा भाग बहुतेक क्लबांत 'स्पोर्टिंग डायरेक्टर'कडे गेला आहे, आणि भेद इतका सूक्ष्म झाला आहे की आर्सेनलने मिकेल आर्टेटा यांना २०१९ च्या डिसेंबरात 'हेड कोच' म्हणून नेमले आणि २०२० च्या सप्टेंबरात त्यांचे पदनाम 'मॅनेजर' केले. माणूस तोच, पण अधिकार वाढल्याची ती जाहीर खूण होती. मराठीत दोन्ही ठिकाणी 'प्रशिक्षक' लिहिणाऱ्याला ही बातमीच सांगता येणार नाही.

राखणीच्या संदर्भात तिकडचा 'गार्डनिंग लीव्ह' हा शब्दही येईल. न्यूकॅसलचे स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन अॅशवर्थ यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडकडे जाण्याची इच्छा सांगितली, तेव्हा क्लबने त्यांना कामावर येऊ न देता करारात अडकवून ठेवले. ते जुलैत रुजू झाले आणि त्याच डिसेंबरात तिथूनही बाहेर पडले. याला 'सक्तीची रजा' म्हणू नये, कारण मराठीत ती चौकशीत अडकलेल्या अधिकाऱ्याला मिळते. 'बागकामाची रजा' तर हास्यास्पद. 'करारकाळ संपेपर्यंत भरपगारी घरी' असे सरळ लिहावे.

प्रश्नकर्तीकडून

आज पान गेले. वाक्य शेवटी असे छापले : 'संघाच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे तिकडच्या भाषेत फ्रंट ऑफिसने, क्वार्टरबॅकला करारमुक्त केले.' 'कायम केले'चे 'राखले' झाले आणि 'फूस' मुख्य उपसंपादकांनी हसत हसत राहू दिली. 'स्पोर्टिंग डायरेक्टर'चे 'क्रीडा संचालक' मात्र मी वेळेवर अडवले, कारण ते वाचून निम्मे वाचक पुण्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयात पोहोचले असते. त्या पदासाठी अद्याप शब्द सापडलेला नाही. कोणाला सुचल्यास अवश्य लिहावे, पुढचा लेख गुरुवारी आहे.