राय कूडर ऐकायला कुठून सुरुवात करू?

केतकी_ठाणे
मंडळी, सल्ला हवाय. परवा 'पॅरिस, टेक्सस' (१९८४) पाहिला. त्यातली स्लाइड गिटार डोक्यातून जाईना. वाजवणारा शोधला तर राय कूडर, आणि पुढे नुसता गोंधळ! ब्लूज काय, हवाई काय, क्यूबा काय, मध्येच आपले विश्वमोहन भट्ट. माणूस एकच आहे ना? माझा कान शास्त्रीय संगीताचा, ब्लूजच्या नावाने शंख. तीन-चार अल्बम सुचवा. 'सगळंच ऐका' म्हणू नका, प्लीज.

तरफ
एकच आहे. जन्म १९४७, लॉस एंजेलिस. सिनेमातल्या त्या धुनेचं मूळ ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकन गायक-गिटारवादकाच्या 'डार्क वॉज द नाइट' या १९२७ च्या रेकॉर्डमध्ये आहे. शब्द नाहीत, नुसते हुंकार आणि तारेवर सरकणारे सूर. पहिल्यांदा ती ऐका, चार मिनिटंही नाही लागणार.

मग तुमच्यासाठी थेट 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३). कॅलिफोर्नियात सँटा बार्बराच्या एका चॅपेलमध्ये वाजवलंय. कूडर आणि भट्ट रेकॉर्डिंगच्या जेमतेम तासभर आधी पहिल्यांदा भेटले होते. तबल्यावर सुखविंदर सिंग, दुम्बेकवर (अरबी हातढोल) कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा जोआकिम. भट्टांची मोहनवीणा (गिटारचंच बदललेलं रूप) मांडीवर आडवी, तारांवर पोलादी कांब; कूडरची गिटार नेहमीसारखी धरलेली, बोटात काचेची नळी. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) दोघांचीही, पण भट्टांची स्वरावर येऊन ठरते. कूडर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्येच कुठेतरी मुद्दाम रेंगाळतो. ब्लूज म्हणजे काय, हे शास्त्रीय कानाला तिथे चटकन कळतं. चारच तुकडे आहेत. शेवटचा 'इसा लेई' हे फिजीचं निरोपाचं गाणं आहे, ते चुकवू नका.

रात्रपाळी
तरफ, माफ करा, पण माझं मत उलट. केतकीताई त्यात भट्टांनाच ऐकत बसतील. कान ओळखीच्या सुराकडे धावतोच. त्यापेक्षा 'टॉकिंग टिंबक्टू' (१९९४) घ्या, अली फार्का तुरेंबरोबरचा. तुरे मालीचे, नायजर नदीकाठच्या नियाफुंकेचे, शेती करणारे गृहस्थ. गाणं त्यांचं, मुख्य गिटार त्यांची. कूडर बाजूला बसून भरणा करतो, दोन ओळींमधली जागा सांभाळतो. तिथेच त्याची खरी करामत दिसते. हा माणूस उत्तम साथीदार आहे. जुगलबंदीच्या अपेक्षेने ऐकाल तर पदरी काही पडणार नाही.

गोगलगाय
रात्रपाळींना +१. दोन्ही अल्बमना ग्रॅमी मिळालंय, त्यामुळे भांडू नका.

एक धोक्याची सूचना: 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब' हा अल्बम गिटारसाठी घेऊ नका. १९९६ मध्ये हवानात क्यूबन आणि मालीचे वादक एकत्र आणायचा बेत होता. मालीचे लोक पोचलेच नाहीत, म्हणून तिथल्याच जुन्या मंडळींना गोळा केलं. कॉम्पाय सेगुंदो तेव्हा नव्वदीला टेकलेले! इब्राहिम फेरेरचा आवाज, रुबेन गोन्सालेसचा पियानो, यासाठी जरूर ऐका. कूडर निर्माता आहे, वाजवतो बेताचंच. अमेरिकेचे क्यूबावर निर्बंध होते, त्यापायी त्याला पुढे २५,००० डॉलर दंडही बसला.

केतकी_ठाणे
'साथीदार' हे पटलं, पण मग त्याचं स्वतःचं असं काही आहे की नाही? की जिथे जाईल तिथला?

तरफ
आहे की. 'चिकन स्किन म्युझिक' (१९७६). जुनी अमेरिकन गाणी, त्यात टेक्सस-मेक्सिको सीमेवरचा फ्लाको हिमेनेसचा अकॉर्डियन आणि हवाईच्या गॅबी पाहिनुईंची गिटार. पाहिनुई इथे स्टील गिटार वाजवतात, तारांवर कांब सरकवत. आपण ज्याला हवाईन गिटार म्हणतो तीच, तेव्हा मींडही सापडेल. काही गाणी मला उगाच गोड वाटतात, पण परक्या वाद्याला घरात जागा कशी करून द्यायची ते त्याने इथे पहिल्यांदा नीट दाखवलं. रात्रपाळींचा मुद्दा निम्मा मान्य: आधी हा, मग टिंबक्टू, मग भट्ट.

रात्रपाळी
चला, समेट! चौथा म्हणून 'गेट ऑन बोर्ड' (२०२२) ठेवा. ताज महाल (इमारत नव्हे, अमेरिकन ब्लूज गायक) आणि कूडर साठच्या दशकात 'रायझिंग सन्स' या बँडमध्ये एकत्र होते. इतक्या वर्षांनी दोघांनी सनी टेरी आणि ब्राउनी मॅगी या जुन्या ब्लूज जोडीची गाणी घेतलीत. ना माली, ना क्यूबा, नुसता ब्लूज. पाहुणे वादक नाहीत, ड्रमवर तोच जोआकिम. आणि हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर निम्मी गिटार गायब होते.