सुलेमानिये मशिदीसमोर मेट्रोचा पूल: हे चुकलंच

डोंगरवाट:
इस्तंबूलच्या उंकापानी पुलावरून सुलेमानिये मशिदीकडे पाहिलं आणि फार वाईट वाटलं. मध्ये मेट्रोच्या पुलाचे दोन उंच खांब, त्यांना ताणलेल्या तारा. हा पूल २०१४ साली सुरू झाला.

ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने सुलतान सुलेमानसाठी १५५० ते १५५७ या काळात ही मशीद बांधली, तीही गोल्डन हॉर्न खाडीवरच्या टेकडीच्या माथ्यावर. ५३ मीटर उंचीचा मुख्य घुमट, त्याला टेकलेले दोन अर्धघुमट, मग बाजूचे लहान घुमट, आणि खाडीकडच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे मदरसे. (आपल्या ओळखीच्या विजापूरच्या गोल घुमटाचा व्यास या घुमटाच्या व्यासाहून बराच मोठा, पण असं उतरत जाणं तिथे नाही.) नजर माथ्यावरून पाण्यापर्यंत अलगद यायला हवी. ती आता खांबांना अडते.

रोजचा_प्रवासी:
सहमत नाही. पूल होण्याआधी तकसिमकडून येणारी मेट्रो खाडीपलीकडच्या शिशाने स्थानकातच संपायची. आता लोक खाडी ओलांडून थेट येनीकापी स्थानकाला जातात. सिनानने तरी नुसती मशीद कुठे बांधली? सोबत रुग्णालय, हमाम, गरिबांना जेऊ घालणारं स्वयंपाकघर होतंच की! शहराच्या गरजेसाठी बांधणं हाच त्या जागेचा वारसा आहे. १६६० च्या आगीनंतर आणि १७६६ च्या भूकंपानंतर मशिदीचीही डागडुजी झालीच.

चुनखडी:
आग आणि भूकंप कोणी आराखडा काढून आणले नव्हते, पूल आणला. मेट्रोला विरोध नाहीच. पण हा भाग १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. युनेस्कोने हरकत घेतल्यावर खांबांची उंची कमी केली. म्हणजे कमी करता येत होती ना? मग आधीच का नाही केली?

रोजचा_प्रवासी:
खाडीच्या तळाशी गाळाचा जाड थर आहे. पाण्यात खांबांची रांग रोवणं इतकं सोपं नव्हतं, म्हणून मग मोजकेच उंच खांब आणि तारा.

डोंगरवाट:
गाळाचा मुद्दा मान्य. पण सिनानने दिव्यांची काजळीसुद्धा वाऱ्यावर सोडली नाही. हवेच्या झोताने ती मुख्य दारावरच्या खोलीत जमेल अशी सोय केली, आणि तिची शाई व्हायची. त्याची कबर मशिदीच्या आवाराला लागूनच आहे. इतक्या बारकाईने बांधणाऱ्याच्या कामासमोर पूल उभारताना आराखडा पहिल्याच वेळी त्या घुमटाकडे बघून काढायला हवा होता. हरकत आल्यावर नव्हे.