आमची फिरती वाटी

शेजारपण आता लिफ्टमधल्या 'काय, बरं आहे ना' इतकंच उरलंय, असं हल्ली बरेच जण म्हणतात. डोंबिवलीकराला हे पटणं कठीण. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर या एकदा. अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून सगळे गणेश मंदिराकडे निघालेले असतात. दर्शन हे निमित्त, खरं काम जुने वर्गमित्र शोधणं आणि कोणाचं कुठे जमलंय याचा अंदाज घेणं! गुढीपाडव्याची शोभायात्राही इथलीच, गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केलेली. मग ती गावोगावी गेली.

आमच्या इमारतीला लिफ्टच नाही, म्हणून बहुधा बोलणं टिकलंय. जिन्यात दम लागला की माणूस थांबतो, थांबला की बोलतो.

आणि वाटी. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम सगळ्यांनीच पाळल्यामुळे वाट्या घरी पोचतच नाहीत. आजोबांचं नाव कोरलेली आमची स्टीलची वाटी चकल्या घेऊन समोर गेली ती गेलीच. मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावर दिसली. विचारलं, तर तिथल्या काकू म्हणाल्या, "अगं, ही तर खालून अळूवड्या घेऊन आली. तुमची होय?"

परवा ती खरवस घेऊन एकदाची घरी आली. आई म्हणते, आता कपाटात ठेवून दे. बाबा म्हणतात, मग खरवसाच्या बदल्यात काय प्लास्टिकच्या डब्यातून पाठवणार?